नाशिकमध्ये राहायला येण्यापूर्वी गुन्ह्यांचे आकडे कसे वाचावेत

गेल्या वर्षी माझ्या भाचीला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली आणि दुसऱ्याच दिवशी धुळ्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, पेपरात रोज खून, कोयते, टोळ्या एवढेच वाचते आहे. पोरीला पाठवू की नको, ते तूच सांग." काही होत नाही, पाठव, असे सांगून मोकळे होता आले असते, पण ज्या गोष्टीची आपण स्वतः खातरजमा केलेली नाही, तिची हमी दुसऱ्याच्या लेकीच्या बाबतीत देऊ नये, असे मला वाटले. मी तिच्याकडून पंधरा दिवस मागून घेतले. त्या पंधरा दिवसांत जी कागदपत्रे पाहिली, ज्यांना भेटलो आणि ज्या गल्ल्या रात्री पायी फिरलो, त्यांतून तयार झालेली ही पद्धत आहे. नाशिकमध्ये नव्याने येणाऱ्या किंवा एका भागातून दुसऱ्या भागात घर बदलणाऱ्या कोणालाही ती वापरता येईल.

पहिली गोष्ट म्हणजे "नाशिक सुरक्षित आहे का" हा प्रश्न तसाच ठेवला तर त्याला उत्तर नाही. कोणासाठी, कोणत्या भागात, किती वाजता आणि कशापासून, हे चार शब्द त्याला जोडावे लागतात. माझ्या भाचीपुरता प्रश्न असा होता : दुसऱ्या पाळीनंतर रात्री उशिरा एकटीने घरी परतणाऱ्या तरुणीला बसथांब्यापासून दारापर्यंतच्या रस्त्यावर लूटमार किंवा छेडछाड होण्याची भीती किती आहे? आपला प्रश्न असा कागदावर लिहून मगच आकड्यांकडे वळावे.

आकडा कोणत्या हद्दीचा आहे, ते आधी पाहावे

बातमीत "नाशिक" हा शब्द निदान चार अर्थांनी येतो. महापालिकेचे शहर हा एक, नाशिक शहर पोलीस आयुक्तालय हा दुसरा, जिल्हा हा तिसरा आणि पोलिसांचे नाशिक परिक्षेत्र हा चौथा. परिक्षेत्रात नाशिक ग्रामीणबरोबर अहिल्यानगर, जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हेही येतात. जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत आणि २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ६१ लाखांहून अधिक होती. त्यांपैकी महापालिका हद्दीत १४ लाख ८६ हजार लोक राहत होते. मालेगावला स्वतंत्र महापालिका असली तरी पोलिसांच्या दृष्टीने ते नाशिक ग्रामीणच्या अधीक्षकांकडे येते. त्यामुळे मालेगाव, येवला किंवा सिन्नरमध्ये घडलेला गुन्हा "नाशिकमध्ये खून" या मथळ्याखाली वाचून गंगापूर रोडवर घर पाहणाऱ्याने धास्तावण्यात अर्थ नाही. याउलट नाशिकरोड स्थानकाच्या फलाटावर किंवा धावत्या गाडीत झालेली चोरी लोहमार्ग पोलिसांकडे नोंदवली जाते आणि शहराच्या आकड्यांत ती दिसतही नाही. रोज रेल्वेने ये-जा करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, ज्याला आपण एनसीआरबी म्हणतो, त्याच्या वार्षिक अहवालात महानगरांचे स्वतंत्र प्रकरण असते. त्यात २० लाखांहून अधिक लोकसंख्येची १९ शहरे घेतली जातात आणि महाराष्ट्रातून मुंबई, पुणे व नागपूर एवढीच तीन येतात. नाशिक त्यात नाही. "देशातील सुरक्षित शहरांच्या यादीत नाशिक नाही" असे कोणी सांगू लागले तर आधी हे विचारावे की यादीत नाशिकचा विचार तरी झाला होता का. नाशिकचे आकडे हवे असतील तर त्याच विभागाच्या जिल्हानिहाय तक्त्यांत जावे लागते. तेथे नाशिक आयुक्तालय आणि नाशिक ग्रामीण या दोन वेगळ्या ओळी आहेत.

दुसऱ्या शहरांशी तुलना करताना हद्दी बदलल्या आहेत का, हेही तपासावे. पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र आयुक्तालय ऑगस्ट २०१८ मध्ये सुरू झाले आणि पुणे शहर व पुणे ग्रामीणची काही ठाणी त्याच्याकडे गेली. २०१७ चे पुणे आणि २०१९ चे पुणे शेजारी ठेवून "पुण्यात गुन्हे घटले" असे म्हणणे म्हणजे वाटणीनंतरचा सातबारा पाहून शेत आटले म्हणण्यासारखे आहे.

दर काढताना छेदाकडे लक्ष द्यावे

गुन्ह्यांचा दर म्हणजे एका वर्षात नोंदलेले गुन्हे भागिले लोकसंख्या, गुणिले एक लाख. महिलांविरुद्धच्या गुन्ह्यांचा दर काढताना छेदात फक्त महिलांची लोकसंख्या धरतात, हे पुष्कळांना माहीत नसते. त्यामुळे तो दर आणि एकूण गुन्ह्यांचा दर एकमेकांशेजारी ठेवून ताडता येत नाहीत.

अडचण येते ती लोकसंख्येची. महानगरांचे दर काढताना अजूनही २०११ च्या जनगणनेचे आकडे वापरले जातात. एक उदाहरण घेऊ. समजा एखाद्या वर्षी शहरात ३० खून नोंदले गेले. १४.८६ लाख लोकसंख्या धरली तर दर साधारण २ येतो. आजची वस्ती २० लाख मानली तर तोच दर १.५ होतो. खून तितकेच, शहर तेच, पण एका हिशेबात आपण देशाच्या सरासरीच्या आसपास असतो आणि दुसऱ्यात तिच्या बरेच खाली. २०२२ मध्ये देशात २८,५२२ खून नोंदले गेले आणि दर २.१ होता, महाराष्ट्रात २,२९५ खून झाले आणि दर १.८ च्या आसपास होता. म्हणून कोणी दर सांगितला की त्यामागे कोणत्या साली मोजलेली माणसे आहेत, हे जरूर विचारावे. सिंहस्थाच्या काळात तर हा छेद अगदीच निरुपयोगी ठरतो, कारण भाविकांचे चोरीला गेलेले दागिने शहराच्या खात्यावर जमा होतात आणि ते भाविक मात्र शहराच्या लोकसंख्येत कोठेच नसतात.

नाशिकच्या आकाराच्या शहरात खुनांची संख्या मुळातच लहान असते आणि लहान संख्या वर्षागणिक वरखाली होत राहतात. ३० चे ३८ झाले तर मथळ्यात "२७ टक्के वाढ" येते. एवढा फरक काही विशेष कारण नसतानाही पडू शकतो. किमान पाच वर्षांचे आकडे एका ओळीत मांडावेत आणि मगच कल आहे की चढउतार आहे, हे ठरवावे.

"हिंसक गुन्हे" या शीर्षकाखाली काय मोडते

या शीर्षकात खून, खुनाचा प्रयत्न, बलात्कार, हुंडाबळी, जबरी चोरी, दरोडा, दंगल, जाळपोळ आणि अपहरण असे अनेक गुन्हे एकत्र येतात. त्यांपैकी अपहरणाचा आकडा सर्वांत जास्त दिशाभूल करतो. अल्पवयीन मूल बेपत्ता झाले की अपहरणाचा गुन्हा नोंदवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले आणि तेव्हापासून रागावून मामाकडे निघून गेलेला मुलगाही, निदान पहिल्या दिवशी, अपहरणाच्या रकान्यात येतो. ही पद्धत मुलांच्या दृष्टीने अगदी योग्य आहे आणि ती तशीच राहिली पाहिजे. पण त्यामुळे फुगलेल्या आकड्यावरून रस्त्यावरच्या भीतीचा अंदाज बांधू नये.

शहराशहरांची तुलना करायची असेल तर मी आधी खुनाचा आकडा पाहतो, कारण मृतदेह सहसा नोंदीवाचून राहत नाही. त्यानंतर खुनाचा प्रयत्न आणि जबरी चोरी. एकाच फिर्यादीत अनेक कलमे असली तर सर्वांत गंभीर कलमाखालीच तो गुन्हा मोजला जातो, हा नियमही लक्षात असावा. बलात्कार करून खून झाला असेल तर तो खुनाच्या रकान्यात दिसतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि कलमांचे क्रमांक बदलले. खुनाचे ३०२ आता १०३ झाले, खुनाच्या प्रयत्नाचे ३०७ आता १०९, आणि जबरी चोरी ३०९ खाली आली. सोनसाखळी किंवा मोबाइल हिसकावण्यासाठी ३०४ हे स्वतंत्र कलम आले आहे. पूर्वी असे पुष्कळ प्रकार जबरी चोरीत नोंदले जात. ते आता ३०४ मध्ये जाऊ लागले तर जबरी चोरीचा आकडा आपोआप खाली येईल आणि रस्त्यावर काहीच बदललेले नसेल. २०२३ आणि २०२५ ची तुलना करताना ही दोन्ही कलमे मिळून पाहावीत.

आकडा वाढला म्हणजे गुन्हेच वाढले असे नसते

आमच्या कॉलनीतील एक काकू संध्याकाळी भाजी घेऊन परतत होत्या. मागून दुचाकीवर दोघे आले, मागच्याने हातातला मोबाइल ओढला, काकू पडल्या, कोपर सोलून निघाले आणि पिशवीतले टोमॅटो रस्त्यावर पसरले. मी त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारांनी पाणी दिले, विचारपूस केली आणि मग म्हणाले, "मावशी, मोबाइल गहाळ झाला असे लिहून द्या. दाखला लगेच मिळेल, त्यावर सिमकार्डही मिळेल. गुन्हा नोंदवला तर तुम्हालाच फेऱ्या पडतील." काकूंना घरी जाण्याची घाई होती, त्यांनी सही केली. रात्रभर मला ते खटकत राहिले. सोललेल्या कोपराला गहाळ कसे म्हणायचे? दुसऱ्या दिवशी आम्ही घडलेली हकीकत, वेळ, ठिकाण आणि जखमेचे वर्णन असा लेखी अर्ज घेऊन पुन्हा गेलो, वरिष्ठ निरीक्षकांना भेटलो आणि रीतसर गुन्हा नोंदवला गेला.

त्या पहिल्या सहीने शहराच्या आकड्यांतून एक जबरी चोरी पुसली जाणार होती. ज्या ठाण्यात अशा शंभर फिर्यादी गहाळ दाखल्यांत जिरतात ते कागदावर शांत दिसते, आणि जेथे प्रत्येक फिर्याद नोंदवून घेतली जाते ते बदनाम होते. एनसीआरबीनेच आपल्या अहवालात गुन्ह्यांची वाढ आणि नोंदणीची वाढ या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे बजावले आहे. म्हणून एखाद्या भागात महिलांच्या तक्रारी वाढलेल्या दिसल्या तर लगेच तो भाग वाईट ठरवू नये. तेथे तक्रार ऐकून घेणारा अधिकारी आला असेल, हेही शक्य असते.

पोलिसांच्या मासिक आकडेवारीत "भाग १ ते ५" आणि "भाग ६" असे शब्द येतात. पहिल्या गटात शरीराविरुद्धचे आणि मालमत्तेचे मुख्य गुन्हे येतात. भाग ६ मध्ये जुगार, दारूबंदी यांसारख्या इतर कायद्यांखालचे. भाग ६ चा आकडा बहुधा छाप्यांचा असतो, तो वाढला म्हणजे पोलीस कामाला लागले. तडीपारीच्या बातम्याही तशाच वाचाव्यात. महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली सराईत गुन्हेगाराला जास्तीत जास्त दोन वर्षे हद्दपार करता येते. त्यांची संख्या ही कारवाईची मोजणी आहे, गुन्ह्यांची नाही.

आपल्या ठाण्याची माहिती कशी मिळवावी

शहराच्या सरासरीत कोणीच राहत नाही. आपण एका पोलीस ठाण्याच्या हद्दीत राहतो. आधी घर कोणत्या ठाण्यात येते ते नक्की करावे. सरकारवाडा, भद्रकाली, पंचवटी, म्हसरूळ, आडगाव, मुंबई नाका, गंगापूर, सातपूर, अंबड, इंदिरानगर, उपनगर, नाशिकरोड आणि देवळाली कॅम्प ही शहरातील ठाणी पुष्कळांना नावाने ठाऊक असतात, पण हद्द मात्र ऐकीव असते आणि रस्त्याच्या दोन बाजू दोन ठाण्यांत असू शकतात.

महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर "प्रकाशित एफआयआर" हा विभाग आहे. जिल्ह्याच्या जागी नाशिक शहर, मग ठाणे आणि तारखा निवडल्या की त्या काळातील प्रथम खबरी अहवाल दिसतात. गेल्या तीन महिन्यांचे अहवाल वाचायला दोन संध्याकाळी लागतात, पण त्यातून जे कळते ते कोणत्याही तक्त्यात नसते : हाणामारी कोठल्या चौकात, किती वाजता, ओळखीच्यांत की अनोळखींत. लैंगिक गुन्ह्यांचे आणि अन्य संवेदनशील अहवाल येथे टाकले जात नाहीत, त्यामुळे ते येथे दिसले नाहीत म्हणजे घडले नाहीत असे समजू नये. वाचताना कोणाचेही नाव टिपून घेऊ नये. आपल्याला जागा आणि वेळ एवढेच हवे आहे.

पाच वर्षांची तुलना हवी असेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. आयुक्तालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, दहा रुपयांचे न्यायालय फी मुद्रांक लावून. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून मजकूर नेमका हवा : अमुक ठाण्याच्या हद्दीत अमुक पाच वर्षांत खून, खुनाचा प्रयत्न, जबरी चोरी, हिसकावणे, दरोडा आणि विनयभंग यांचे वर्षनिहाय दाखल गुन्हे व उघडकीस आलेले गुन्हे किती. "उघडकीस आलेले" हे दोन शब्द विसरू नयेत. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. न मिळाल्यास त्याच कार्यालयातील अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिले अपील करता येते. घाई असणाऱ्याला हा मार्ग उपयोगाचा नाही, पण सोसायटीच्या समितीने वर्षातून एकदा असा अर्ज जरूर करावा.

मग पायी फिरावे

भाचीसाठी आम्ही दोन जागा निश्चित केल्या होत्या आणि दोन्ही दुपारी पाहिल्या तेव्हा सारख्याच वाटल्या. मग मी तिला घेऊन रात्री पावणेअकराला पुन्हा गेलो, बसमधून उतरून, गाडी न घेता. पहिल्या जागी थांब्यापासून फाटकापर्यंत सात मिनिटे लागली. त्यांपैकी चार मिनिटे एका मोकळ्या भूखंडाच्या कडेने जावे लागत होते, तेथे गवत कमरेएवढे होते, दोन दिवे बंद होते आणि तिघे-चौघे दुचाक्या आडव्या लावून पीत बसले होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलेही नाही, पण भाचीची चाल बदललेली मला दिसली. दुसऱ्या जागेचे भाडे दीड हजारांनी जास्त होते आणि चालणे नऊ मिनिटांचे. वाटेत मात्र एक औषधाचे दुकान अकरापर्यंत उघडे असते आणि कोपऱ्यावर दुधाच्या गाडीची वाट पाहणारा माणूस खुर्ची टाकून बसतो. आम्ही दुसरी जागा घेतली.

ज्या वेळी आपण खरोखर त्या रस्त्याने जाणार आहोत त्याच वेळी फिरावे. दिवे मोजावेत. शेवटचे दुकान किती वाजता बंद होते ते विचारावे. वृत्तपत्र टाकणारा, औषध विक्रेता, सकाळी फिरायला निघणाऱ्या महिला आणि इमारतीचा रखवालदार यांच्याशी बोलावे. घरमालक आणि दलाल यांचे म्हणणे ऐकून घ्यावे, पण त्यावर विसंबू नये. सोनसाखळी खेचणारे दुचाकीवरून येतात आणि त्यांना पळायला मोकळा रस्ता लागतो, त्यामुळे महामार्गाला दोन मिनिटांत जाऊन मिळणारी, दोन्ही टोके उघडी असलेली कॉलनी निवडताना दागिन्यांच्या बाबतीत अधिक सावध राहावे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्यास टाळाटाळ करणाऱ्या मालकाचे घर घेऊ नये.

एक गोष्ट आकड्यांतूनच शिकण्यासारखी आहे. २०२२ मध्ये देशात झालेल्या खुनांपैकी ९,९६२ वादातून झाले, ३,७६१ वैमनस्यातून आणि लाभासाठी झाले ते १,८८४. महिलांविरुद्धच्या गुन्ह्यांत सर्वांत मोठा वाटा पती आणि नातेवाइकांच्या क्रौर्याचा होता, जवळजवळ एक तृतीयांश. अंधाऱ्या गल्लीची काळजी घेतलीच पाहिजे, पण गाडी लावण्यावरून पेटलेल्या भांडणात दोन पावले मागे येणे आणि शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज आला तर दार वाजवणे किंवा ११२ ला कळवणे, याने जितके जीव वाचतील तितके कशानेच वाचणार नाहीत, असे माझे मत झाले आहे.

प्रसंग आलाच तर

११२ वर फोन लागताच आधी ठिकाण सांगावे, मग काय घडले ते, आणि शेवटी आपले नाव. फोन मध्येच तुटला तरी ठिकाण पोहोचलेले असते. रेल्वेत १३९, ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३०, मुलांसाठी १०९८ आणि महिलांसाठी १८१.

गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या ठाण्यात तो शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे वर्ग करता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ही तरतूद आहे. तक्रार इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. प्रथम खबरी अहवालाची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नये. दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशावाचून करू शकतात असा गुन्हा, नोंदवण्यास नकार मिळाला तर तोच मजकूर लेखी स्वरूपात टपालाने वरिष्ठांकडे, शहरात पोलीस उपायुक्तांकडे, पाठवावा आणि पोच जपून ठेवावी. तेथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. नोंदणीनंतर ९० दिवसांच्या आत तपासाची प्रगती फिर्यादीला कळवण्याचे बंधनही पोलिसांवर आहे. जखम कितीही किरकोळ असली तरी त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात दाखवून कागद घ्यावा. काकूंच्या सोललेल्या कोपराचा असा कागद आमच्याकडे पहिल्या संध्याकाळीच असता तर गहाळ हा शब्द कोणी उच्चारला नसता.

भाचीच्या मोबाइलमध्ये आता ठाण्याचा थेट क्रमांक, त्या औषध विक्रेत्याचा क्रमांक आणि तिच्या रस्त्यावरील विजेच्या तीन खांबांवर रंगवलेले आकडे जपून ठेवलेले आहेत, म्हणजे अंधारात इमारतीचे नाव आठवले नाही तरी ती कोठे उभी आहे, हे ११२ वाल्यांना सांगता येईल.